अवसेच्या चिंबोऱ्या

कार्तिक निम्मा सरला की आमच्याकडचा वारा फिरतो. पावसाळाभर जो समुद्राकडून येत असतो, तो एके दिवशी पाठ फिरवतो आणि पूर्वेकडून, खाडीच्या अंगाने, कांजूरच्या कचराभूमीवरून सावकाश चालत मुलुंडपर्यंत येतो. तो आल्याचे कळण्यासाठी खिडकी उघडावी लागत नाही. पहाटे दुधाची पिशवी आत घेण्याकरिता दार फटीएवढे उघडले तरी पुरते. नासलेल्या फळांचा, भिजलेल्या पुठ्ठ्यांचा आणि कशाच्या तरी धुमसण्याचा एक आंबूसगोड दर्प घरात शिरतो आणि चहाच्या कपाशी येऊन बसतो. आमची सौभाग्यवती नाकाला पदर लावते, शेजारचे गृहस्थ जिन्यात उभे राहून व्यवस्थेविषयी बोलू लागतात, आणि मला भूक लागते.

हे विधान मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे.

व्यवसायाने मी अर्जनवीस आहे. मुलुंडमधील एका सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली माझे टेबल आहे. नववीत शाळेने आणि मी परस्परांचा निरोप घेतला. तथापि माझ्या हाताखालून पदवीधरांचे, अभियंत्यांचे, एकदा तर एका निवृत्त मुख्याध्यापकांचेही अर्ज गेलेले आहेत. शिकलेल्या माणसाला लिहिता येते, मागता येत नाही. तो दोन पाने दुःख लिहितो आणि आपल्याला नेमके काय हवे ते लिहायचे विसरतो. ते काम माझे. हल्ली मात्र लोक मोबाईलवर दोन ओळी टाकतात, खाली हात जोडल्याचे चित्र लावतात आणि त्याला तक्रार म्हणतात. असो. तो विषय निराळा आहे, आणि त्यावर बोलू लागलो तर रागाच्या भरात मूळ विषय बाजूला राहील.

मूळ विषय बाबी परब हा आहे. तो गेला. त्याने जाऊ नये यासाठी मी गेल्या वर्षीचा सबंध हंगाम खर्ची घातला, आणि तरीही तो गेला. या वर्षी वारा फिरला, दर्प आला, भूक लागली, आणि त्या भुकेचा मला प्रथमच संताप आला.

ही भूक कशी जडली ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी याच दुर्गंधीविरुद्ध मी एक सामुदायिक अर्ज तयार केला होता. सह्या पुष्कळांनी केल्या. सुनावणीच्या दिवशी चौघेच आले: मी स्वतः, भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहणारा, बसवाहकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला बाबी परब, मुलुंड पूर्वेच्या, एका खासगी कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या मंगलाताई, आणि कांजूर गावातली, बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी हिरा. साहेब आले नाहीत. चौघांनी मिळून एकच बाकडे दिवसभर वापरले. संध्याकाळी शिपायाने पंखा बंद केला, त्याअर्थी सुनावणी संपली असे आम्ही समजलो. मी पुढील तारखेसंबंधी काही बोलू लागणार, एवढ्यात हिराने पिशवी उचलली.

“उठा रं. अवस हाय आज. घरा चिंबोऱ्या हायेत, भरलेल्या. या जेवाला.”

“मी खेकडा कधी खाल्लेला नाही,” मंगलाताई म्हणाल्या.

“मग आजवर केलंस काय, बाय?”

मंगलाताईंनी पर्स उचलली. मी कागद गोळा केले. आम्ही गेलो.

खाडीच्या चिंबोरीविषयी हिराचे म्हणणे असे, की चांदण्यात तिला स्वतःची सावली दिसते आणि ती भिऊन बिळाबाहेर येत नाही, खात नाही. म्हणून पुनवेची चिंबोरी पोचट. अंधाऱ्या पक्षात ती निर्धास्त हिंडते, खाते, आणि अवसेपर्यंत कवचाच्या काठापर्यंत भरते. यातले शास्त्र मला तपासता आलेले नाही. परंतु जिभेने तपासले आहे. तेव्हापासून आमची बैठक अवसेला. भाद्रपदातली अवस पितरांची आणि आश्विनातली लक्ष्मीची, त्यामुळे त्या दोन्ही वर्ज्य. आमच्या वाट्याला येतात त्या कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ अशा चार अवसा. त्यातही मार्गशीर्षातली गुरुवारी आली तर हिराचा उपास, म्हणून एक दिवस अलीकडे. हा नियम मी घालून दिला आहे आणि तो सर्वांनी, थोडी चेष्टा करून का होईना, पाळला आहे.

“अवसेला शहाणी माणसं घरात बसतात,” सौभाग्यवतीने पहिल्या वर्षी मला सांगून पाहिले. पुढे तिने सांगणे सोडले. तिने हिराला पाहिले, मंगलाताईंशी फोनवर बोलली आणि अखेर एवढेच म्हणाली, “जा. तिथून आलात की दोन दिवस घरात बरे वागता.”

मोठ्या वयात जुळलेल्या मैत्रीविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, आणि जे लिहिले जाते ते बालमित्रांविषयी असते. मला बालमित्रांचे कौतुक कधी वाटले नाही. ते गल्लीने दिलेले असतात. आपल्याला कोणत्या झाडावरून पडल्याची खूण गुडघ्यावर आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यापलीकडे त्यांना काही ठाऊक करून घ्यायचे नसते. चाळिशी उलटल्यावर जो मित्र होतो त्याला आपले काहीच माहीत नसते. आपले नाव झालेले असते, पोट सुटलेले असते, स्वभाव वाळून टणक झालेला असतो. अशा तयार माणसाला कोणी “सरक जरा” म्हणून शेजारी बसावे, हे मला आजही अद्भुत वाटते.

माझ्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे. माझ्या टेबलासमोर बसणारा प्रत्येक माणूस कुठेतरी अडलेला असतो. तो मला “साहेब” म्हणतो, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. घरी मुले मोबाईलकडे पाहून “हो बाबा” म्हणतात. परिणामी मला कित्येक वर्षांत कोणी “गप बस” असे म्हटलेले नव्हते. बाबी ते ताटावर बसल्यापासून उठेपर्यंत चारपाचदा म्हणत असे. “मेल्या, गप बस रे वकीला, रस्सो थंड होता.” मी वकील नाही हे मी त्याला अनेकदा समजावले होते. तो म्हणे, “म्हणानच तुका वकील म्हणतंय. खऱ्याक कोण म्हणता?”

हिराचे अंगण म्हणजे महामार्गाच्या पलीकडच्या जुन्या वस्तीतला, दोन खाटा मावतील एवढा सारवलेला तुकडा. मागे खारफुटी, तिच्यापलीकडे काळी खाडी. पुढे अलीकडेच उभा राहिलेला एक उत्तुंग मनोरा, ज्याच्या दिव्यांमुळे अवसेलाही पूर्ण अंधार होत नाही आणि ज्याविरुद्ध मी आणखी एक अर्ज करावा असे हिराचे मत आहे. चुलीवर टोप. त्यात भाजलेल्या कांदाखोबऱ्याचा आणि तिच्या घरच्या मसाल्याचा रस्सा. चिंबोरीचे बारीक पाय ती पाट्यावर कुटून त्यांचे पाणी त्यात पिळते. झाकण उघडले की क्षणभर दोन वास समोरासमोर उभे राहतात. खाडीकडून आलेला तो दर्प आणि टोपातून वर आलेली वाफ. दर वेळी टोप जिंकतो. परंतु दर्प नसता तर त्या जिंकण्याला अर्थ राहिला नसता, असे मला वाटत आले आहे. म्हणूनच, एकीकडे मी त्या दुर्गंधीविरुद्ध आजही पाठपुरावा करीत असलो तरी, तिचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटते. मंगलाताई याला माझा दुटप्पीपणा म्हणतात. मी त्याला अनुभव म्हणतो.

या मंगलाताई, ज्यांनी कधी खेकडा खाल्ला नव्हता, दुसऱ्या अवसेपासून पर्समध्ये रुमालात गुंडाळून एक पितळी पेपरवेट आणू लागल्या. पाटावरवंटा एकच, त्यावर पहिला हक्क कोणाचा यावरून भांडणे होत. त्या मांडी घालून बसत, चिंबोरीचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, पाटावर ठेवत आणि कार्यालयात शिक्का मारावा तसा नेमका एक ठोका देत. मग तो फुटलेला डेंगा डावीकडे बसलेल्या बाबीकडे सरकवत, कारण बाबीचे पुढचे दोन दात नव्हते आणि ते लावून घ्यायला तो तयार नव्हता. “बसमध्ये शिटी वाजवत होतंय, तेव्हा लागत होते,” तो म्हणे. “आता कोणाक थांबवूचा आसा?”

बाबी बोलू लागला की आरे कॉलनी सुरू होई. त्याची गाडी कित्येक वर्षे त्या रानातल्या रस्त्याने जात असे, आणि शेवटच्या फेरीत एकदा बिबट्या रस्त्यात बसला होता ही गोष्ट त्याने आम्हाला इतक्या प्रकारे सांगितली आहे की तो बिबट्या प्रत्येक हंगामात थोडा मोठा होत गेला.

“मागल्या टायमाला तो रस्त्याच्या कडेला होता,” हिरा आठवण करून देई.

“मग? तो काय बसूनच रवतलो?”

गेल्या वर्षीच्या कार्तिकी अवसेला त्याने भाकरी मोडता मोडता सांगितले. त्याच्या चाळीचा पुनर्विकास होणार होता, खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आम्ही समजलो की तो जवळपास कुठे भाड्याने राहील.

“पौषात टेम्पो सांगितलंय,” तो म्हणाला. “गावाक चाललंय. कायमचो. हयसरची नवी खोली झिलाक.”

हिराने टोपातला डाव वर धरला. “देव पावला रं तुला! सुटलास या घाणीतून.”

मंगलाताईंनी तर टाळी वाजवली. “बाबी, झकास! कोकणात घर, यार! आम्ही सगळे मे महिन्यात येणार, आंबे खायला.”

मी एकटाच गप्प होतो, आणि ते कोणाच्या लक्षात येईना म्हणून अखेर मी विचारले, “कोणत्या कारणास्तव?”

“कारण कित्याक होया? घर आसा, माड आसत, भाऊ आसा.”

“तिथे रात्री-अपरात्री छातीत दुखले तर? जवळचे मोठे रुग्णालय किती लांब आहे, याची चौकशी केलीस?”

“हयसर हॉस्पिटल दारात आसा म्हणान मी दुखवून घेत बसू काय?”

दोघी हसल्या. मला त्या हसण्याचा अतोनात राग आला. चौघांपैकी एक माणूस कायमचा उठून चालला होता आणि उरलेल्यांना आंब्यांचे पडले होते. मी तसे बोलूनही दाखवले. हिरा म्हणाली, “येवरा कनाला तापतस? त्याचं घर, तो चाललाय. तुजं टेबल नेतो का तो?”

मार्गशीर्षातल्या अवसेला मी तयारीनिशी गेलो. मुद्दे क्रमाने मनात लावले होते. एक, मुलगा येथे, बाप तिथे, हे उतारवयात योग्य नाही. दोन, कौले दरवर्षी परतावी लागतात. तीन, तीस-चाळीस वर्षे शहरात राहिलेल्या माणसाला तिथे बोलायला कोणी मिळत नाही. गावचे लोक त्याला पाहुणा समजतात आणि भाऊबंद वाटेकरी समजतात. चार, पौष महिना हा स्थलांतरास प्रशस्त नाही; पौषात कोणी घर बदलत नाही. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम राखून ठेवला होता, कारण बाबी श्रद्धाळू होता.

मी बोलत असताना त्याने एक डेंगा तोंडात धरून ठेवला होता. प्रत्येक मुद्द्याअखेर तो त्यातून चुर्र असा आवाज काढी. चौथा मुद्दा संपला. तो थांबला.

“मी नव्या घरात चाललंय काय?” तो म्हणाला. “माझ्याच घराक चाललंय. पौष आड येत नाय. झाला तुझा? आता रस्सो वाढ.”

मंगलाताईंना हसता हसता उचकी लागली. “सॉरी हं, दत्ताराम, सॉरी. पण तुम्ही ना... तुम्ही अगदी कोर्टात उभे राहिल्यासारखे.”

मी त्या दिवशी रागाने दोन भाकऱ्या कमी खाल्ल्या. कोणाच्या लक्षातही आले नाही. परतताना बाबी आणि मी नेहमीप्रमाणे एका रिक्षात बसलो. भांडुपला तो उतरे आणि मी पुढे मुलुंडला जाई. त्या रिक्षात आम्ही कधीच काही बोलत नसू, आणि मला सबंध बैठकीतला तोच भाग सर्वांत आवडे. पोट भरलेले, हातांना कितीही धुतले तरी न जाणारा मसाल्याचा वास, खाडीवरून येणारी थंडी आणि शेजारी एक माणूस ज्याला माझ्याकडून काहीही लिहून नको आहे. त्या दिवशी मात्र ती शांतता मला छळू लागली. मला वाटले, हा आता काही बोलेल. उतरताना तो बोलला. “सर्दी होतली तुका. मफलर गुंडाळ.” बस्स, एवढेच.

नंतर कळले की टेम्पोचा दिवस पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठरला आहे आणि बाबीला पौर्णिमेलाच बसायचे आहे. आमच्या मोबाईलवरच्या गटात यावरून बरीच खळखळ झाली. हिराने आपला आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला: “पुनवेची चिंबोरी मी गिऱ्हाइकाला देत नाय, तुमाला कशी घालू? सुरमई करते.” बाबीने उत्तर दिले: “चिंबोरीच होयी.” मी लिहिले, की बैठकीचा नियम मोडण्यास माझी सक्त हरकत आहे, आणि टेम्पो पंधरवडाभर पुढे ढकलणे सर्वतोपरी शक्य आहे. त्यावर बाबीने मला झोपलेल्या मांजराचे चित्र पाठवले.

त्या संध्याकाळी सगळेच बिघडले होते. महामार्ग तुंबलेला. रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवले. वारा थेट कचराभूमीवरून येत होता आणि त्यात काहीतरी पेटल्याचा धूर होता. मंगलाताईंना दमा आहे. त्या तोंडाला रुमाल बांधून बसल्या होत्या आणि घास घ्यायच्या वेळी तेवढा खाली करीत होत्या. खारफुटीवर चंद्र असा काही वर आला होता की अंगणातली प्रत्येक वस्तू नको इतकी स्पष्ट दिसत होती: हिराच्या पायांच्या भेगा, बाबीच्या सदऱ्याचे उलटे शिवलेले बटण, माझे स्वतःचे हात.

चिंबोऱ्या दिसायला मोठ्या होत्या. मंगलाताईंनी पहिला ठोका दिला आणि पेपरवेट कवच फोडून पाटावर टणकन आपटले. आत पाणी. दुसरी फोडली. एक सुतासारखा धागा आणि पाणी. तरीही सगळे खात होते, चोखत होते, “मसाला मस्त झालाय” म्हणत होते, बिबट्याची गोष्ट पुन्हा एकदा झाली. मला ते सहन होईना. मी हातातली नांगी ताटात टाकली.

“पोचट आहेत,” मी म्हणालो. “सगळ्या पोचट आहेत, आणि तुम्ही सारे नाटक करीत आहात. बाबी, पंधरा दिवस थांबला असतास तर काय बिघडले असते? तो टेम्पो काय पळून जात होता? अवसेला भरपेट जेवून गेला असतास!”

“तेच,” बाबी म्हणाला.

“काय तेच?”

त्याने हात ताटात ठेवले. “भरलेली खाल्लंय असतंय, तर गेलंय नसतंय.”

 मंगलाताईंनी रुमाल वर केला.

“तू दीड म्हयनो माका अडवतंस, वकीला,” तो सावकाश म्हणाला. “मी एकदा ‘हो’ म्हटलंय असतंय, तर? खोलीचो ताबो दिलंय. भावान चूल वेगळी करून ठेवल्यान. आता पाठी फिरलंय तर हयचो नाय आणि थयचोही नाय. म्हणान मुद्दाम पुनव धरलंय. पोचट खाल्ली काय पाय उचलता.”

यावर घेण्यासारखी हरकत माझ्याजवळ नव्हती, आणि याचाच मला सर्वाधिक संताप आला. दीड महिना मी रुग्णालयाविषयी आणि कौलांविषयी बोलत राहिलो. जे बोलायचे होते ते मला सुचलेच नाही. दुसऱ्याचे मागणे एका ओळीत मांडणारा मी, माझ्या मागण्याभोवती चार चार मुद्द्यांची कुंपणे घालीत बसलो. आणि तो मात्र सगळे ऐकून, समजून, कोणाला कळू न देता स्वतःशीच झगडत होता. त्याने मला ते आधी सांगितले असते तर मी गप्प बसलो असतो का? नसतो बसलो. हे त्यालाही ठाऊक होते.

हिराने टोप खरवडला. “घ्या रं, रस्सा तरी घ्या. रस्सा काय पोचट नसतो.” तिचा आवाज फाटला होता, धुराने, असे ती म्हणाली.

परतताना भांडुपला बाबी रिक्षातून उतरू लागला तेव्हा मी त्याचा हात धरून ठेवला आणि पुढच्या कार्तिकातल्या अवसेला येण्याचे वचन घेतले. रिक्षावाला मागे वळून पाहत होता. “येतंय रे,” बाबी म्हणाला. “कार्तिक चुकवूचंय नाय. सोड आता, मीटर पडता.”

त्यानंतर पौषातली आणि माघातली अवस आमची झालीच नाही. कोणी बोलावले नाही आणि कोणी विचारले नाही. मे महिन्यात आंबे खायला कोणी गेले नाही. मंगलाताईंना रजा नव्हती, हिराला पावसाआधीच्या सुक्या मासळीचे काम होते, आणि मी का गेलो नाही ते सांगत नाही.

मग हा कार्तिक आला. वारा फिरला. मी चार दिवस आधीपासून मफलर काढून ठेवला होता. आणि बाबीचा फोन आला की त्याच दिवशी गावच्या देवीची जत्रा आहे, पालखीला खांदा देण्याचा मान यंदा त्यांच्या घराकडे आहे, तेव्हा येणे होत नाही. मला सांगा, ज्या माणसाने इतकी वर्षे त्या पालखीला खांदा दिला नाही, कंडक्टरची थैली खांद्यावर वागवली, त्याला याच वर्षी, याच अवसेला मान मिळावा? मी फोन ठेवला. गटात लिहिले, “काही अपरिहार्य कारणास्तव मी उपस्थित राहू शकत नाही. क्षमस्व.”

पाच मिनिटांत हिराचा फोन. “कसलं अपरिहार्य? बायकोला दे.”

सौभाग्यवतीने फोन घेतला आणि माझ्यासमोर उभे राहून सांगितले, “घरीच आहेत. सकाळपासून भांडतायत. नाही, माझ्याशी नाही, भिंतीशी.” मग तिने मफलर माझ्या गळ्यात टाकला आणि दार उघडून धरले. दर्प आत आला.

मी गेलो. तिघे जेवलो.  मंगलाताईंनी पहिला डेंगा फोडला आणि सवयीने डावीकडे सरकवला. तिथे कोणी नव्हते. त्यांनी तो तसाच पाटावर राहू दिला आणि दुसरा घेतला. हिराने न विचारता तो उचलून माझ्या ताटात टाकला. “खा. रागावलेल्या माणसाला जास्त लागतं.” आणि चिंबोऱ्या, काय सांगावे! इतक्या वर्षांत तशा मिळालेल्या नव्हत्या. मला त्याचाही राग आला. मी चवीने खाल्ले आणि प्रत्येक घासागणिक अधिकच चिडत गेलो.

आज सकाळी टेबलावर बसलो होतो. समोर एक गृहस्थ शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढवण्यासाठी आले होते. अर्धा अर्ज लिहून झाला असेल, तोच बाबीचा फोन.

“काय रे वकीला. कशी होती?”

मी लेखणी खाली ठेवली. खरे तर मी ठरवले होते की बोलायचे नाही. परंतु त्याचे भरलेल्या चिंबोरीविषयीचे ते वाक्य मला आठवले, पुनवेच्या चांदण्यात उच्चारलेले, आणि मनात आले, की सांगूया याला. असे सांगूया की जत्रा, मान, माड सगळे कडू झाले पाहिजे. लागू दे जिव्हारी.

“भरलेल्या,” मी म्हणालो. “अशा भरलेल्या, की हिराने पहिलीचे कवच उचलले तर आतला केशरी ऐवज काठाला चिकटून वर आला. निथळला नाही. थेंब नाही पडला. मंगलाताईंनी डेंगा फोडला, एकाच ठोक्यात, आणि आतले मांस अख्खे बाहेर आले. रस्सा दाट होता. वर तर्री होती. भाकरी तांदळाची, गरम, बुडवली की कडेने रंगत जायची. आम्ही दोन-दोन खाल्ल्या आणि टोपात उरल्या. तुझ्या वाटणीच्या उरल्या.”

मी थांबलो. आता तो “गप बस” म्हणेल, अशी माझी खात्री होती. पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता आणि लांब कोणीतरी मंडपाचे बांबू उतरवीत असावे, तसा आवाज येत होता.

“ऐकतोस ना?”

“ऐकतंय. मांस अख्खा इला?”

“अख्खे. डेंग्याचा आकार जसाच्या तसा.”

“आणि रस्सो? पाय कुटून घातलेले?”

“घातलेले.”

“साहेब,” समोरचे गृहस्थ म्हणाले, “माझं रेशनकार्ड...”

मी त्यांना हाताने थांबवले.

“फिरून सांग,” बाबी म्हणाला. “पयल्यापासून. घाई करू नको.”

मी खुर्ची भिंतीकडे वळवली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि टोपाचे झाकण उघडले तिथून सुरुवात केली. या वेळी मला रागाने सांगता येईना. एकेक गोष्ट सावकाश सांगावी लागली, मध्ये मध्ये थांबावे लागले, कारण तिकडे तो जेवत होता.